नखभर

रात्रपाळीला माझ्या वाट्याला
अर्धी आफ्रिका येते आणि पलीकडचं सगळं पाणी.
पाच दिवस, सोळा सेकंदांत.
कळ दाबली की वाळवंट श्वास घ्यायला लागतं,
दुपारी काळंभोर, पहाटे राखाडी,
पुन्हा काळं, पुन्हा राखाडी.
समुद्र रंग बदलत नाही.
दिवस उगवल्याचं त्याला कुणी कळवलेलंच नसावं.

आमची बेटं दहा. त्यांत साल सगळ्यात सपाट,
पडद्यावर तांदळातल्या खड्याएवढं,
नखाने उचलून फेकावंसं वाटतं.
त्या खड्यावर एस्पार्गोस गाव, गावाबाहेर धावपट्टी,
धावपट्टीच्या कडेला हे ऑफिस,
आणि ऑफिसात मी, दुल्सेलीना, वय एकोणपन्नास,
थर्मासमधली कॉफी संपवून बसलेली.

फोगोच्या डोंगराला वारा आपटतो
आणि पलीकडे ढगांचा गोफ विणला जातो,
एक पेड डावा, एक उजवा,
पार पडद्याच्या काठापर्यंत.
डोंगराने काय केलं? काही नाही. उभा राहिला.
अदेरितो म्हणतो, माझा थोरला भाऊ अस्साच,
स्वतः जागचा हलत नाही,
मागे सगळ्या घराची घुसळण.

डाकारच्या जरा खालून
दर तीन-चार दिवसांनी एक लाट निघते,
पाण्याची नव्हे, हवेची.
आमच्या डोक्यावरून जाते तेव्हा तिला नाव नसतं.
थोडा घाम, थोडी डोकेदुखी,
शेळ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या.
पश्चिमेला गेली की अंग धरते,
डोळा उघडते,
मग तिकडचे लोक तिचं बारसं करतात
आणि न्यू बेडफर्डहून माझी बहीण ओतिल्या फोन करते,
"तुमच्याकडूनच आली ना ही? अडवली का नाहीस?"
मी म्हणते, जाताना सांगून नाही गेली.
तू तरी कुठे सांगितलं होतंस.

सोळा सेकंद संपतात.
गेलेलं सगळं एका झटक्यात परत किनाऱ्यापाशी,
न घडलेलं.
बाहेर गेलेलं माणूस इतक्या सहज परतलेलं
या बेटांनी अजून पाहिलं नाही.

मागच्या शुक्रवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
मायो बेटावरून आईचा फोन.
"पाहिलंस?"
काय पाहिलं?
"अगं, पाऊस! तुझ्याकडे तर सगळं दिसतं ना?"
तिने पातेली मांडली होती, बादली, मासळी धुवायचं टोपलं सोडून सगळं,
बाबांचं होडीतलं पाणी उपसायचं डबडंसुद्धा.
अकरा मिनिटं पडला, म्हणाली.
घड्याळ हातात धरून उभी होते.

उपग्रह पंधरा मिनिटांनी एकदा बघतो.
पावणेचारच्या चित्रात मायोवर काही नाही.
चारच्या चित्रात मायोवर काही नाही.
पुढे नेलं, मागे आणलं, पुन्हा पुढे.
दोन चित्रांच्या मधे
परीक्षेतल्या पेपरासारखी गाळलेली जागा,
आणि तिच्यात माझी आई, अनवाणी,
डोक्याचा रुमाल सुटलेला,
अंधारात एकेक भांडं सरकवत असलेली.

सकाळच्या नोंदवहीत लिहायचं होतं:
मायो, पाऊस निरंक.
शब्द तयार होता, पेनात शाईही होती.
मी पुन्हा फोन लावला. किती साठलं?
"डबड्यात? नखभर."

ड्रॉवरमधून पट्टी काढली.
माझं नख अकरा मिलिमीटर.
आईची झिजलेली,
चाळीस वर्षं खवले काढून काढून.
अदेरितोने वर पाहिलं, काही विचारलं नाही.
मी सहा लिहिलं.
मग खोडलं, आणि पुन्हा सहाच लिहिलं.

पडद्यावर पूर्वेकडून
वाळवंट काळं पडायला लागलं होतं.
म्हणजे तिकडे उजाडलं असणार.